तोफेची बैठक

तोफेची बैठक : ठासणीच्या तोफेचे वजन पेलणारी, बार उडताना बसणारा मागचा धक्का सोसणारी आणि नेम धरण्यासाठी तोफ फिरवू देणारी रचना. तोफ कितीही उत्तम ओतलेली असली, तरी बैठक डळमळीत असेल तर तिचा नेम टिकत नाही. महाराष्ट्रातील बुरुजी बैठकीचे ठळक उदाहरण छत्रपती संभाजीनगरजवळच्या देवगिरी (दौलताबाद) किल्ल्यात आहे.

प्रकार : मैदानी तोफा लाकडी चाकांच्या गाड्यावर चढवीत. बार उडाला की गाडा मागे सरके आणि तो पुन्हा जागेवर आणून नव्याने नेम धरावा लागे. जंबुरका म्हणजे हलक्या तोफा उंटाच्या खोगिरावर बसवीत. किल्ल्यातील जड तोफांसाठी बुरुजाच्या माथ्यावर कायमची बैठक बांधीत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनमधील किल्ल्यांत अशा फिरत्या बैठकी रूढ झाल्या. विजापूरचा उंच, सुटा उभा असलेला उपली बुरूज (१५८४) लांब पल्ल्याच्या तोफांसाठीच उभारलेला होता.

रचना : चौथऱ्याच्या मध्यभागी दगडी खोबणीत लोखंडी खुंट घट्ट बसवीत. त्याच्या वरच्या दुबेळक्यात तोफेच्या दोन्ही बाजूंचे आडवे दांडे टेकत. खुंटामुळे तोफ डावी-उजवीकडे फिरे, तर दांड्यांमुळे तिचे तोंड वर-खाली होई. दांडे तोलबिंदूच्या किंचित पुढे असल्याने मागची बाजू जड राही. तिच्याखाली पाचर आत सारली की तोंड खाली येई, बाहेर ओढली की वर जाई. खुंटावरची तोफ गाड्यासारखी मागे सरकू शकत नाही. त्यामुळे सगळा धक्का खुंट व चौथऱ्यावर येतो. काही बुरुजांवर तो पेलण्यासाठी मागे भक्कम भिंत बांधलेली आढळते.

देवगिरीची मेंढा तोफ : चिनी महालाजवळच्या गोल बुरुजावर ही तोफ आहे. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे शिर घडवलेले असून त्यावरून तिला हे नाव पडले. तिच्यावरील फार्सी लेखात तिचे नाव ‘किला शिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी, असे असून औरंगजेबाचेही नाव आहे. मोगलांनी हा किल्ला १६३३ मध्ये निजामशाहीकडून घेतला होता. बुरुजाची गोलाई आणि मधली बैठक यांमुळे एकाच तोफेला विस्तृत टापू माऱ्यात घेता येई.

बैठकीची निवड : तोफेचे वजन आणि नळीची लांबी यांवर बैठक ठरे. विजापूरची मलिक-ए-मैदान (१५४९) अहमदनगरला ओतलेली असून तिचे वजन सुमारे ५५ टन आहे. एवढ्या भाराखाली बुरुजाचा गाभाच भरीव हवा. बैठकीची उंचीही नेमकी लागे. ती कमी पडली तर चर्या (तटाच्या माथ्यावरचे कंगोरे) आड येतात, जास्त झाली तर गोलंदाज उघडा पडतो. शिवाय दारू व गोळा तोंडाकडून ठासायचे असल्याने, लांब नळीचे तोंड चर्येबाहेर गेले असेल तर ते आत वळवण्याइतकी मोकळी जागा चौथऱ्यावर लागते.

ठासणीची रायफल : बैठक डळमळीत असेल तर नेम टिकत नाही, हाच न्याय ठासणीच्या रायफलीवर दुर्बीण बसवताना लागू होतो. दुर्बीण धरणारी पोलादी पट्टी नळीच्या अक्षाशी समांतर असावी. पट्टीच्या स्क्रूवरील तेल पुसून ते आळीपाळीने, सारख्या दाबाने आवळावेत. दुर्बिणीमुळे ठासणीचा गज घालणे किंवा बार पेटवणारी टोपी चढवणे अडू नये. काळ्या दारूची काजळी ओल धरते व लोखंड गंजवते. म्हणून साफसफाईसाठी दुर्बीण काढता येईल आणि पुन्हा त्याच जागी बसेल अशी बैठक निवडावी.

महत्त्व : अनेक किल्ल्यांवर तोफ नाहीशी झाली, पण चौथरा व खोबण उरली आहे. त्यांच्या मापांवरून हरवलेल्या तोफेचा आकार, फिरण्याचा आवाका आणि बुरुजाच्या बांधणीचा काळ यांचा अंदाज बांधता येतो. म्हणून दुरुस्तीच्या वेळी या खोबणी सिमेंटने बुजवल्या जाऊ नयेत. त्यांची मापे घेऊन नोंद ठेवणे हे तोफ जपण्याइतकेच मोलाचे काम आहे.