सव्वीस पक्ष्यांचे बेट

हिंदी महासागराच्या पश्चिम भागात, मादागास्करच्या ईशान्येला सेशेल्स ही बेटे आहेत. 'सेशेल्स वटवट्या' हा जंगलात राहणारा गाणारा पक्षी जगात फक्त याच बेटांवर आढळतो. आकाराने तो चिमणीहून थोडा लहान, रंगाने हिरवट तपकिरी. पानांच्या खालच्या बाजूचे किडे टिपायचे आणि बहुधा एका वेळी एकच अंडे घालायचे, अशी त्याची राहणी. १८७७ साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ उस्ताले यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढच्या शंभर वर्षांच्या आत तो नामशेष होण्याच्या बेतात आला.

त्याला बंदुकीने मारले नाही. खोबऱ्याच्या व्यापारासाठी बेटांवरचे मूळ जंगल तोडून नारळ लावले गेले. माणसाबरोबर उंदीर आणि मांजरेही आली. उंदीर-मांजरे न पोचलेल्या कुझाँ या अवघ्या २९ हेक्टरांच्या बेटावर तेवढे काही पक्षी तगून राहिले. १९६८ साली तिथे जेमतेम २६ पक्षी होते.

त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय पक्षिसंरक्षण परिषदेने हे बेट विकत घेतले. पक्ष्यांना पिंजऱ्यात ठेवून वाढवले नाही. नारळाची उगवणारी रोपे काढून टाकली आणि मूळ झाडांना वाढू दिले. जंगल परतले, तसे किडे आले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पक्ष्यांची संख्या सुमारे ३२० झाली आणि तिथेच थांबली. बेट भरले होते!

भरलेल्या बेटावर एक विशेष गोष्ट दिसली. वयात आलेली अनेक पिल्ले स्वतःचे घरटे न करता आईवडिलांच्या हद्दीतच राहत आणि धाकट्या भावंडांना भरवत. ती हौसेने राहत होती, की जागेच्या टंचाईमुळे?

याचे उत्तर बचावकार्यातूनच मिळाले. एकाच बेटावर सगळी प्रजाती असणे धोक्याचे होते. एखादा रोग किंवा चुकून आलेले उंदीर पुरेसे ठरले असते. शेजारचे कुझीन बेट दोनएक किलोमीटरांच्या आत असूनही हे पक्षी समुद्र क्वचितच ओलांडतात. म्हणून १९८८ साली २९ पक्षी आरीद बेटावर नेऊन सोडले. मोकळी जागा मिळताच पक्ष्यांनी आपापले संसार थाटले. मदतनीस कोणी उरले नाही. पुढे चांगल्या जागा भरल्या, तेव्हा मात्र निकृष्ट जागा रिकाम्या असूनही चांगल्या हद्दीतली पिल्ले घरीच राहून मदत करू लागली. म्हणजे नुसती जागा नव्हे, जागेचा दर्जाही महत्त्वाचा. यान कोमडूर यांनी १९९२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्यानंतर १९९० साली कुझीन, २००४ साली देनी आणि २०११ साली फ्रेगात या बेटांवरही पक्षी नेले. आज ते पाच बेटांवर असून त्यांची संख्या दोन हजारांच्या वर आहे. पण संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांशी तुलना केल्यावर असे दिसले, की पूर्वीच्या आनुवंशिक विविधतेचा काही भाग कायमचा गेला आहे. संख्या काही दशकांत भरून निघाली. विविधता तशी भरून येत नाही.

वर्गात संवर्धनाचा धडा शिकवताना विद्यार्थ्यांना विचारावे: २६चे दोन हजार झाले, म्हणजे सारे पूर्ववत झाले का?