मळी

परवा आमचा चुलतभाऊ मृद आरोग्य पत्रिका घेऊन आला. "अण्णा, तुम्ही मास्तर. जरा वाचून सांगा बघू." त्याचं भाताचं शेत महाडच्या खालच्या अंगाला, सावित्रीच्या काठी. 22 जुलै 2021 च्या महापुरात त्यात वीतभर गाळ बसला होता.

पत्रिकेत बारा रकाने. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. सगळं वाचून दाखवलं. मग त्याने विचारलं, "ते कारखान्याच्या पाण्यातलं कुठल्या रकान्यात?" मंडळी, कुठल्याच नाही! 2015 साली सुरू झालेल्या या योजनेत शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा यांना रकानाच नाही. जस्त नि तांबे आहेत, पण ते पिकाला कमी पडतात का एवढंच बघायला.

आमच्या लहानपणी पुराची मळी म्हणजे फुकटचं खत. आजोबा ती मुठीत घेऊन वास घेत. आता त्याच मळीची शंका यावी, हा फरक पन्नास-साठ वर्षांतला. सावित्री महाबळेश्वराहून उतरते, पोलादपूरवरून महाडला येते, तिथे काळ आणि गांधारी तिला मिळतात. खालून बाणकोटच्या खाडीची भरती. पुराचं पाणी भरतीला अडतं, तुंबतं आणि तुंबलं की बारीक चिकणमाती खाली बसते. जड धातू चिकटतात ते याच बारीक कणांना.

1962 साली औद्योगिक विकास महामंडळ आलं आणि पुढे काळ नदीच्या बाजूला, बिरवाडीजवळ रसायनांची वसाहत उभी राहिली. घरोघरी पगार आले, हेही खरं. 2018 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने राज्यातले 53 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यात सावित्री होती.

पण सगळा दोष कारखान्यांवर टाकून मोकळं होता येत नाही. पोलादपुरात वसाहत नाही, तरी मुंबई-गोवा रस्ता तिथून जातोच. 2000 पर्यंत पेट्रोलमध्ये शिसे असायचं आणि ते धुरातून कडेच्या शेतात पडायचं. शिसे मातीतून सहसा जात नाही. सुपरफॉस्फेटबरोबर थोडं कॅडमियम येतं. सुपारीवर आपण मोरचुदाचं बोर्डो मिश्रण फवारतो, त्यातलं तांबंही तिथेच राहतं.

यात भाताला जास्त भ्यायचं ते कॅडमियमला. जपानमध्ये तोयामा भागात कामिओका खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीतून भातखाचरांत आलं. तो भात वर्षानुवर्षं खाऊन बायकांची हाडं ठिसूळ झाली, इतकी की खोकल्यानेही मोडत. दुखण्याचं नावच पडलं 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय-दुखतंय'. 1968 मध्ये सरकारने कारण मान्य केलं, 1970 मध्ये शेतमातीसाठी कायदा केला, आणि खाचरांची माती दुरुस्त करायला 2012 साल उजाडलं.

गंमत अशी, की खाचरात पाणी उभं असेतो कॅडमियम गंधकाशी बांधलेलं राहतं. दाणा भरताना पाणी काढलं की सुटतं आणि दाण्यात शिरतं. त्यात आपली माती पावसाने धुपून आंबट, तिच्यात ते अधिकच मोकळं होतं. म्हणून जपानी शेतकरी लोंबी येताना पाणी राखतात. चुन्यानेही थोडा आळा बसतो. मात्र पाणी राखलं की आर्सेनिक सुटतं!

आपल्याकडे पाण्याचा कायदा 1974 चा, हवेचा 1981 चा. दूषित जागांचे नियम आले 2025 मध्ये. महाडात पाण्याचा इतिहास शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, 20 मार्च 1927, चवदार तळं. मातीचा कोणी लिहिलेला नाही.

असो. भावाला म्हटलं, नदीकडच्या आणि डोंगराकडच्या कोपऱ्यातली माती वेगवेगळी आण, जड धातू तपासणारी प्रयोगशाळा शोधू. तो म्हणाला, "आणि वाईट निघालं तर? तांदूळ घरात भरलेला आहे." काल दोन पिशव्या माझ्या ओटीवर ठेवून गेला, एकीवर 'नदी' लिहिलंय.