सायलेन्सर पाइपचे माप (जुनी पिकअप)

इंजिनातील जळालेला वायू मॅनिफोल्डपासून सायलेन्सरमार्गे गाडीच्या मागे नेणाऱ्या नळीचा व्यास. गॅरेजमध्ये हे माप इंचात आणि नळीच्या बाहेरून सांगतात : दीड, पावणेदोन, दोन, सव्वादोन, अडीच. वायू मात्र आतून वाहतो. त्यामुळे दीड मिलिमीटर जाड पत्र्याच्या दोन इंची नळीत त्याला प्रत्यक्षात सुमारे 48 मिलिमीटरचीच वाट मिळते. नळी गाडीवरच असेल तर तिच्याभोवती दोरा गुंडाळून घेर मोजावा व त्याला 3.14 ने भागावे. 160 मिलिमीटर घेर आला तर नळी दोन इंची समजावी.

गाड्या व इंजिने : महिंद्र कंपनीने 1947 मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि 1965 पासून हलकी मालवाहू वाहने बाजारात आणली. या घराण्यातील पेट्रोल गाड्यांत 134 घन इंचांचे, म्हणजे सुमारे 2,200 सीसीचे ‘हरिकेन’ इंजिन असे. त्याचा स्ट्रोक लांब, फेरे कमी आणि ओढ खालच्या फेऱ्यांतच भरपूर. पुढच्या जीपांमध्ये प्यूजोचे 2,112 सीसीचे डिझेल इंजिन आले. टेल्कोची टाटामोबाइल पिकअप 1988 मध्ये 1,948 सीसीच्या डिझेल इंजिनासह आली. ही तिन्ही इंजिने दोन लिटरच्या आसपासची व टर्बो नसलेली असल्याने त्यांची नळीची गरजही जवळपास सारखीच आहे.

मापाचे गणित : चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा ओढते. 2,200 सीसीचे इंजिन मिनिटाला 4,000 फेऱ्यांवर फिरत असेल आणि सिलिंडर 80 टक्के भरत असतील, तर ते सेकंदाला सुमारे 59 लिटर हवा घेते. नळीतील वायू 450 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला धरला, तर तो फुगून सुमारे 140 लिटर होतो. एवढ्या वायूचा नळीतील वेग असा येतो : दीड इंची नळीत सेकंदाला सुमारे 145 मीटर, पावणेदोन इंचीत 104, दोन इंचीत 78 आणि अडीच इंचीत 49. सेकंदाला 60 ते 90 मीटर हा कामाचा पल्ला मानतात. म्हणून अशा इंजिनाला दोन इंची नळी योग्य ठरते. प्यूजोच्या डिझेलचे गणितही दोन इंचांवरच येते. जुन्या पिकअपमध्ये अडीच लिटरचे टर्बो डिझेल बसवले असेल, तर टर्बोपुढे अडीच इंची नळी हवी, कारण टर्बोनंतरची वाट जितकी मोकळी तितका तो लवकर दाब धरतो.

अरुंद व रुंद नळीचे परिणाम : तेवढाच वायू जाताना घर्षणाने होणारा दाबाचा ऱ्हास व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. दोनच्या जागी दीड इंची नळी लावली तर तो चौपटीहून जास्त होतो. पिस्टनला वायू बाहेर ढकलण्यात ताकद घालवावी लागते, थोडा जळालेला वायू सिलिंडरमध्येच उरतो, डिझेल गाडी काळा धूर सोडते आणि इंजिन तापते. इंजिनाला ‘बॅक प्रेशर’ हवेच असते, ही समजूत चुकीची आहे. उपयोग होतो तो वायूच्या वेगाचा : वेगाने निघालेला झोत आपल्या मागे कमी दाब ठेवतो व पुढचा वायू ओढून घेतो. गरजेहून रुंद नळीत हा वेग मंदावतो, वायू लवकर थंड होतो, पाणी साचून नळी आतून गंजते आणि केबिनमध्ये घुमणारा आवाज वाढतो. जड नळी खाली लोंबते, ते वेगळेच.

अर्जुनी मोरगाव भागातील वापर : गोंदिया जिल्ह्याचा हा तालुका धानाचा, तलावांचा व जंगलाचा. इटियाडोह धरण आणि नवेगाव बांध इथलेच. धानाची पोती भरलेली पिकअप बांधालगतच्या पांदणीने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालते, तेव्हा इंजिन 2,000 फेऱ्यांच्या आसपास असते. तिथे दोन इंची नळीत वायूचा वेग 39 मीटर राहतो, अडीच इंचीत तो 25 मीटरच्याही खाली येतो. त्यामुळे इथल्या कामाला मोठ्या नळीचा हव्यास परवडणारा नाही. पावसाळ्यात चिखल व चाकोरीतला उंचवटा नळीला लागतो, म्हणून ती चेसिसच्या आडव्या पट्ट्यांच्या वरून न्यावी आणि तिचे तोंड उंच ठेवावे. उन्हाळ्यात तापलेल्या नळीला सुकलेला पाला किंवा तणीस चिकटला तर आग लागू शकते. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात ही काळजी माणसे, गाडी व जंगल या तिघांसाठी घ्यायची आहे : सायलेन्सरवर पत्र्याचे कवच बसवावे, सांध्यातून ठिणगी किंवा वायू निसटू देऊ नये आणि पाचोळ्यावर गाडी उभी करू नये.

वाक व सांधे : संपूर्ण नळी दोन इंची असली तरी एका वाकात ती चेपून दीड इंच झाली असेल, तर वायू तिथेच अडतो. मँड्रेलवर वाकवलेली नळी गोल राहते. ते यंत्र नसेल तर जुनी रीत चांगली आहे : नळीत कोरडी बारीक वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी बुच मारायचे, वाकाची जागा गॅसच्या ज्योतीने लाल करायची आणि सावकाश ओढायचे. वाळू ओली असेल तर आत वाफ कोंडून बुच उडते, त्यामुळे ती आधी भाजून घेणे आवश्यक. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते, म्हणून नळी रबराच्या हँगरवर टांगावी. ती चेसिसला घट्ट जखडल्यास तडा मॅनिफोल्डच्या फ्लँजजवळ जातो.

कायदा व तपासणी : केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार इंधनाची नळी सायलेन्सर पाइपपासून किमान 35 मिलिमीटर लांब हवी. जुन्या डिझेल गाडीच्या धुराची मर्यादा 65 हार्ट्रिज एकक आहे. इंजिन बदलायचे असेल तर मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 प्रमाणे परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. आवाज किंवा धुराच्या मर्यादा मोडल्यास कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नवी नळी बसवल्यावर मॅनिफोल्डजवळ दाबमापक लावून पूर्ण फेऱ्यांवर तपासावे. टर्बो नसलेल्या डिझेलला दाब 0.1 बारच्या आसपास किंवा त्याहून कमी आला, तर माप बरोबर आहे. जास्त आला तर नळी बदलण्याआधी चेपलेला वाक, आत सुटलेली जाळी किंवा काजळीने भरलेला सायलेन्सर शोधावा. जुन्या गाडीत दोष बहुधा तिथेच निघतो आणि मालकाचा खर्चही वाचतो.