ठमीचा श्वास आणि मधली रात्र

ठमी ही तुमची गिनीपिग. तिला घट्ट धरू नका. एक तळवा छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाठ वर आणि पोट खाली. उताणी तर अजिबात करू नका. दम लागलेल्या जिवाला उताणं केलं की पोटाचा भार छातीवर येतो आणि श्वास आणखी अडतो. धरलीत नीट? आता आजूबाजूला बघा.

पायाखाली मातीची जमीन आहे. तुम्ही कुस्कोजवळच्या एका डोंगरी घरात उभे आहात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर. स्पॅनिश लोक पेरूत यायला अजून शंभर वर्षं आहेत. चूल पेटलीय, आणि तिच्या आसपास गवताच्या काड्यांतून गिनीपिगांची अख्खी वसाहत पळापळ करतेय. पुण्यातल्या फ्लॅटमधून निघालात तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. ठमीच्या नाकाशी चिकट पापुद्रा होता, अंगावरचे केस फुगून उभे राहिले होते, आणि प्रत्येक श्वासाला टिक् असा बारीक आवाज येत होता. दवाखाना सकाळी उघडणार. मधली रात्र काढायची आहे. ती इथून सुरू करू, कारण याच डोंगरांत माणसाने हजारो वर्षांपूर्वी हे जनावर घरात आणलं.

घरातली बाई तुमच्याकडे बघतसुद्धा नाही, तिला कामं आहेत. तुम्ही तिच्या जनावरांकडे बघा. बाहेर गोठवणारा गारठा आहे, म्हणून ही जनावरं स्वयंपाकघरात. पण एकही चुलीला चिकटून बसलेलं नाही. थंडी वाजली की जवळ येतात, ऊब मिळाली की लांब सरकतात. ठमीला हेच हवंय. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका बाजूला ठेवा आणि दुसरी बाजू मोकळी सोडा, म्हणजे नको झालं की तिला उठून जाता येईल. धूर छपराकडे चढतोय. तुमचे डोळे चुरचुरताहेत, जमिनीलगत पळणाऱ्यांना तो तितका लागत नाही.

कोपऱ्यात कळपातून बाजूला बसलेलं ते एक दिसतंय? चाऱ्याकडे ढुंकून बघत नाहीये. जे जनावर पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याची शिकार होत आलं, ते आपलं दुखणं होता होईतो लपवतं. तुमच्या लक्षात आलं तेव्हा ठमीचं दुखणंही नवं नसणार, हे मनाशी धरून चाला.

या डोंगरांत माणूस आजारी पडला की जाणता माणूस जिवंत गिनीपिग त्याच्या अंगावरून फिरवतो, मग त्याचं पोट उघडून माणसाच्या दुखण्याची जागा शोधतो. अँडीजमधल्या काही गावांत ही रीत अजून आहे. माणसाच्या दुखण्यासाठी हे जनावर हाताशी धरायचं, हे तुम्हाला पुढे बहुतेक प्रत्येक मुक्कामी दिसेल. त्याचं स्वतःचं दुखणं बघणारा मात्र कुणी भेटत नाही.

इंग्लंडमध्ये फार थांबायचं नाही. साल १५८०च्या आसपासचं, एका श्रीमंत घरातल्या तीन मुलांचं चित्र काढलं जातंय आणि त्यातल्या मुलीच्या हातात एक गिनीपिग आहे. जहाजातून आलेलं नवलाईचं जनावर, घरात लाडकं. त्या काळच्या अशा घरांतून कुत्रेही फिरत असत. कुत्र्यांच्या आणि सशांच्या नाकाघशात बोर्डेटेला नावाचा जिवाणू कुठलाही त्रास न देता राहू शकतो, आणि तोच गिनीपिगला न्यूमोनिया करतो. पुण्यातल्या फ्लॅटमध्येही कुत्रा आहे ना? आज रात्री त्याला ठमीच्या खोलीत येऊ देऊ नका.

आता अंगावर शाल घ्या. पॅरिस, फेब्रुवारी १७८३. आर्सेनलमधल्या प्रयोगशाळेत आंत्वान लाव्हाझिए आणि पिएर-सिमों लाप्लास एका पत्र्याच्या पिंपाशी उभे आहेत. पिंपाला तीन कप्पे आहेत. अगदी आत जाळीच्या टोपलीत एक गिनीपिग, त्याच्याभोवती बर्फ, आणि बाहेरची उष्णता आत शिरू नये म्हणून त्याच्याही भोवती बर्फ. हा प्रयोग थंडीतच करता येतो, म्हणून खोलीत शेगडी नाही. खालच्या तोटीतून वितळलेलं पाणी भांड्यात थेंब थेंब पडतंय. ते पाणी हे दोघं तोलणार आहेत.

हिशेब निघतो तो असा, की त्या एवढ्याशा जनावराने दहा तासांत सुमारे १३ औंस बर्फ वितळवला, म्हणजे आजच्या मापात साधारण ४०० ग्रॅम. मग ते दोघं ही उष्णता कोळसा जाळल्यावर निघणाऱ्या उष्णतेशी ताडून बघतात, दोन्हीकडे बाहेर पडलेला वायूही मोजतात, आणि त्या जूनमध्ये अकादमीपुढे सांगतात की श्वास घेणं म्हणजे संथ ज्वलन. श्वासाने शरीरात नेमकं काय घडतं, हे माणसाला एका गिनीपिगने बर्फात बसून दाखवलं. मला विज्ञानाच्या इतिहासातला हा प्रसंग फार मोठा वाटतो, आणि त्या टोपलीतल्या जनावराबद्दल वाईटही वाटतं.

ठमीच्या दृष्टीने यातलं कामाचं एवढंच, की तिच्या आत ते ज्वलन चालू आहे आणि हवा कमी पडतेय. एरवी आपसूक चालणारं श्वासाचं काम ती आता सगळ्या अंगाने करतेय. तिची कूस बघा, भात्यासारखी आत-बाहेर होतेय. म्हणून तिची हालचाल जितकी कमी, तितकी हवा पुरेल. दिवा मंद करा, टीव्ही बंद करा. मुलांनी दर पाच मिनिटांनी कुरवाळायला जाऊ नये. तिला मांडीवर घेऊन बसावंसं वाटेल, तो मोह आवरा.

आणि घड्याळ काढा. ती स्वस्थ बसली असताना, हात न लावता, पूर्ण एक मिनिट कुशीची हालचाल मोजा. निरोगी गिनीपिग मिनिटाला साधारण ४० ते १०० श्वास घेतो. आकडा आणि वेळ कागदावर लिहा. तासाभराने पुन्हा मोजा.

परळ. विसाव्या शतकाची पहिली वर्षं, मुंबईत प्लेग. जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९पासून प्लेगची प्रयोगशाळा आहे. पुढे तिला हाफकिन यांचं नाव मिळालं. तुम्ही एका रिकाम्या चाळीच्या खोलीत आहात. माणसं गेली, काही कायमची. खोलीत गिनीपिग मोकळे सोडलेत. त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा चढतील, त्या वेचून मोजल्या जातील, आणि प्लेग उंदराकडून पिसवेमार्फत माणसाकडे येतो हे हळूहळू पक्कं होईल. आपल्या पणजोबांची पिढी ज्या रोगाने घर सोडून माळावर राहायला गेली, त्या रोगाचा माग काढण्यात या जनावराचा वाटा आहे.

परळमध्येच १८८६पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण ते दिवस घोड्या-बैलांचे, गिनीपिग घेऊन तिथे कोण जाणार? आजही सगळेच दवाखाने गिनीपिग बघत नाहीत. कुत्र्या-मांजरांवर हात बसलेला असतो. म्हणून फोनवर आधी तेवढंच विचारा: गिनीपिग तपासता का, आणि ऑक्सिजन आहे का? रात्री चालू असणारा दवाखाना मिळाला तर सकाळची वाट बघू नका.

नॉर्वेत पाय ठेवून लगेच निघू. १९०७, आजच्या ओस्लोत आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रॉलिक यांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवलं आणि त्यांना स्कर्व्ही झाला. माणसासारखंच या जनावराला क जीवनसत्त्व अंगात तयार करता येत नाही. ठमीच्या ताटलीत सिमला मिरचीची फोड आणि चार काड्या कोथिंबीर ठेवा. खाल्ली तर उत्तम. आज रात्रीचा न्यूमोनिया त्याने बरा होणार नाही, पण यापुढे रोज तिला हे लागणार आहे.

आता जिथे जायचं आहे तिथे मन घट्ट करून उभे राहा. मे १९४०, ऑक्सफर्ड. हॉवर्ड फ्लोरी यांच्या प्रयोगशाळेत आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले, त्यांतल्या चौघांना पेनिसिलिन दिलं. ते चार जगले, बाकीचे चार मेले. तिथले सगळे आनंदात आहेत, आणि आनंदाचीच गोष्ट आहे. तीन वर्षांनी, १९४३मध्ये, हेच औषध गिनीपिगांना दिल्याचा अहवाल येतो: ते मरतात. त्यांच्या आतड्यात चारा पचवणारे जे जिवाणू असतात ते या औषधाने मारले जातात, त्यांच्या जागी विषारी जिवाणू माजतात, आणि जनावर काही दिवसांत जातं.

तुमच्या फ्रिजच्या दारात मुलाच्या खोकल्याचं उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप आहे. ते त्याच घराण्यातलं आहे. "लहान मुलांचं आहे, दोन थेंबांनी काय होतंय" असं कुणीतरी म्हणेलच, बहुधा प्रेमापोटीच. नाही म्हणून सांगा. क्लिंडामायसिनही नको, माणसाचं खोकल्याचं औषध नको, पॅरासिटामॉल नको. आज रात्री ठमीला घरातलं एकही औषध द्यायचं नाही. न दिलेल्या औषधाने ती सकाळपर्यंत टिकू शकते. चुकीचं दिलं तर डॉक्टरांच्या हातातही फार काही उरत नाही.

शेवटचा मुक्काम बाल्टिमोर, १९५०च्या दशकाची अखेर. खाली क्षयाच्या रुग्णांचा छोटा वॉर्ड आहे, वरच्या मजल्यावर गिनीपिगांचे पिंजरे, आणि वॉर्डातली हवा नळांतून थेट पिंजऱ्यांकडे सोडलेली. रुग्णांशी कसलाही संबंध नाही, फक्त हवा, तरी जनावरांना क्षय होतो. क्षय हवेतून पसरतो याचा पक्का पुरावा रिचर्ड रायली आणि विल्यम वेल्स यांना असा मिळाला.

परत फ्लॅटमध्ये या आणि इथली हवा हुंगा. देवापुढची उदबत्ती विझवा, डासांची कॉईल आणि लिक्विड मशीन बंद करा, रूम फ्रेशनर नको. उद्या सकाळच्या फोडणीआधी स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. बाम, कापूर, निलगिरीचं तेल यांची वाफ द्यायची नाही. माणसाचं नाक मोकळं करणारा तो झोंबरा वास तिला आणखी त्रास देतो. नंतर पिंजऱ्याच्या तळाशी वाका. लघवीचा उग्र वास आला तर तो अमोनिया आहे आणि ठमी नाक खाली घालून तोच घेतेय. ओलं अंथरूण काढा, साधा स्वच्छ टॉवेल किंवा कागद घाला. लाकडाचा भुसा काढून टाका. गवत बाल्कनीत झटकून मग आत ठेवा. खोली २० ते २४ अंशांच्या आसपास असू द्या. उन्हाळा असेल तर बाटली नको, पण पंख्याचा किंवा एसीचा झोतही अंगावर नको.

गिनीपिग जवळजवळ सर्वस्वी नाकानेच श्वास घेतो, म्हणून तो पापुद्रा महत्त्वाचा. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने अलगद ओला करा, सुटला तर पुसा, ओढू नका. गवत आणि पाणी तोंडाजवळ ठेवा. धाप लागलेली असताना सिरिंजने पाणी किंवा पातळ खाणं तोंडात घालू नका, ते फुफ्फुसात जाईल. पण खाणं थांबलं की या जनावराचं आतडंही थांबतं, त्यामुळे शेवटचं कधी खाल्लं आणि लेंडी कधी दिसली, हे लिहून ठेवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं असेल तर आत्ता नको, सकाळी निघताना एकदाच. त्या टिक् आवाजाचा आणि कुशीच्या हालचालीचा अर्धा मिनिट व्हिडिओ मात्र काढाच. दवाखान्यात घाबरून तिचा श्वास बदलेल, आणि डॉक्टरांना घरचा श्वास बघायला मिळायला हवा.

ती तोंड उघडून श्वास घेऊ लागली, हिरड्या किंवा ओठ निळसर-करडे दिसले, मान वर ताणून बसली किंवा आडवी पडली, तर सकाळ नाही. त्याच मिनिटाला निघायचं, जो दवाखाना उघडा असेल तिथे, निदान ऑक्सिजन मिळेल. न्यायचं झाकलेल्या खोक्यात, खाली टॉवेल, हवेला भोकं. स्कूटरवर वाऱ्यात नको, रिक्षा करा.

डॉक्टर एक्स-रे काढतील, वाफारा देतील, तिला चालणारं प्रतिजैविक निवडतील. कधी दुखणं फुफ्फुसाचं नसून हृदयाचं निघतं, ते त्यांनाच कळणार. तुमच्या घरातला गिनीपिग आज ठणठणीत असला तरी त्याला तपासणारा डॉक्टर तुमच्या गावात कोण आहे, ते आजच विचारून नंबर फोनमध्ये घालून ठेवा. रात्री अकरा वाजता तो शोधत बसायची वेळ येऊ देऊ नका.