घड्याळजीची चाकं, गिरणीतली कांडी आणि गळाचं रीळ

नदीवर गळ टाकायला रीळ घ्यायचं म्हणून दुकानात गेलं, की समोर तीन घराण्यांची रिळं येतात. काठीखाली लोंबणारं, तारेची कमान असलेलं स्पिनिंग रीळ. काठीच्या पाठीवर बसणारं, आडव्या स्पूलचं (स्पूल म्हणजे दोरा ज्यावर गुंडाळला जातो तो भाग) बेटकास्टर. आणि तिसरं नुसतं चपटं चाक. दुकानदार बेअरिंगांचे आकडे सांगू लागतो. ते ऐकावेत, पण त्याआधी एक गोष्ट पाहून घ्यावी: आमिष फेकताना या रिळाचं स्पूल फिरतं की जागच्या जागी राहतं? आठशे वर्षांचा सगळा खटाटोप या एका प्रश्नाचा आहे, आणि आपल्या नदीला कोणतं रीळ चालेल याचं उत्तरही त्यातूनच मिळतं.

चपटं चाक सर्वांत जुनं. चीनमधल्या दक्षिण सुंग काळातला चित्रकार मा युआन याचं एक चित्र टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ते 1195 च्या सुमाराचं मानतात. थंडीतलं पाणी, लहानशी नाव, तिच्या एका टोकाला वाकून बसलेला एकटा माणूस. त्याच्या आखूड काठीवर एक चाक स्पष्ट दिसतं. रिळाचं आज माहीत असलेलं सर्वांत जुनं चित्र हेच. दोरा साठवायचा, सोडायचा, परत गुंडाळायचा, एवढंच त्या चाकाचं काम.

इंग्लंडमध्ये हे चाक छापील पुस्तकात दिसतं ते 1651 साली, थॉमस बार्कर याच्या पुस्तकात. काठीच्या बुडापासून दोन फुटांवर भोक पाडून त्यात गुंडाळी बसवल्याचं तो सांगतो. आयझॅक वॉल्टनच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या 1655 च्या आवृत्तीतही सामन माशासाठी असं चाक वापरल्याचा उल्लेख आहे. त्याचं कारण उघड आहे. घोड्याच्या केसांचा पीळ देऊन केलेला दोरा काठीच्या टोकाला बांधलेला असला, की मोठा मासा पळाला तर एक तर दोरा तुटणार, नाही तर काठी. माशाला पळू देता यावं म्हणून चाक आलं. लांब फेकण्याशी त्याचा अजून काही संबंध नव्हता.

तो संबंध जोडला अमेरिकेतल्या केंटकीच्या घड्याळजींनी. लंडनमध्ये अठराव्या शतकातच दातेरी चाकांची रिळं विकली जात होती, पण ती नाजूक होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंटकीतल्या पॅरिस गावचा जॉर्ज स्नायडर, आणि त्याच्यानंतर फ्रँकफर्ट गावचे मीक बंधू, यांनी घड्याळाच्या कारागिरीनं रीळ घडवलं. हँडलचा एक फेरा झाला की स्पूलचे चार फेरे होत. तिथल्या नद्यांत बास मासा मिळे, आणि त्याच्यासाठी जिवंत छोटा मासा काठीनं दूर फेकायचा असे. फेकलेल्या आमिषाच्या ओढीनंच स्पूल गरगर फिरावं, इतकं ते हलकं आणि अचूक हवं होतं. घड्याळजीशिवाय हे कोणाला जमणार!

पण फिरणाऱ्या स्पूलची एक खोड आहे. पतंगाला ढील देताना फिरकी सुटते आणि मांजा जायचा थांबला तरी फिरतच राहते, तसंच इथं होतं. आमिष पाण्यात पडलं तरी स्पूल थांबत नाही, आणि दोऱ्याचा असा गुंता होतो की उरलेली संध्याकाळ तो सोडवण्यातच जाते. म्हणून बेटकास्टरवर अंगठा ठेवावा लागतो: फेकताना अलगद, आमिष पाण्याला टेकताच घट्ट. आता चुंबकाचे ब्रेक आले आहेत, तरी अंगठा शिकवावाच लागतो. शिवाय जड स्पूलला गती द्यायला आमिषही वजनदार लागतं.

इंग्लंडच्या ट्रेंट नदीकाठी वेगळीच वाट निघाली. नॉटिंगहॅम हे लेस विणणाऱ्यांचं शहर. तिथल्या कारखान्यांतल्या लाकडी रिळांशी या नव्या रिळाचं नातं सांगितलं जातं. लाकडाचं रुंद चाक आणि मधोमध एक खिळा. दातेरी चाकं नाहीत. तरंगा प्रवाहात सोडायचा आणि पाणीच स्पूलमधून दोरा काढत नेणार. संथ, एकसारख्या धारेत आमिष नैसर्गिक वेगानं वाहत न्यायला याहून चांगलं रीळ अजून निघालेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे ते वापरणारे फार थोडे, याचं वाईट वाटतं.

स्कॉटलंडच्या पर्थमध्ये, टे नदीकाठी, पीटर मॅलॉक यानं 1884 मध्ये आणखी एक युक्ती केली. फेकताना स्पूल काटकोनात वळवायचं, म्हणजे ते न फिरता दोरा कडेवरून घसरत सुटतो. गुंता टळला, पण दोऱ्याला पीळ बसू लागला. मग 1905 मध्ये ब्रॅडफर्डच्या कापडधंद्यातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यानं कायमच स्थिर राहणाऱ्या स्पूलचं पेटंट घेतलं. धोट्यातली कांडी ज्यांनी पाहिली आहे, त्या गिरणगावातल्या किंवा इचलकरंजीतल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. कांडी फिरत नाही. सूत तिच्या टोकावरून सरसर निघून जातं. स्पूल फिरवायचंच नाही म्हटल्यावर काही ग्रॅमचं आमिषही दूर जाऊ लागलं. गुंडाळताना स्पूलभोवती एक हात फिरतो. आजची तारेची कमान ती हीच.

घड्याळजी आणि गिरणी ही दोन्ही घराणी पुढे एकत्र आली. फ्रान्समधलं क्लूझ हे घड्याळांच्या खोऱ्यातलं गाव. मिचेल नावाची स्पिनिंग रिळं तिथली, म्हणजे कल्पना गिरणीची आणि चाकं घड्याळजीची. स्वीडनच्या आबू कंपनीची सुरुवातही 1921 साली घड्याळांच्या कारखान्यानं झाली. पुढे टॅक्सीचे मीटर केले, आणि मग अँबॅसडर हे नामांकित बेटकास्टर. ड्यूपाँनं 1938 साली जाहीर केलेलं नायलॉन युद्धानंतर तंगूस होऊन नदीकाठी आलं, तेव्हा रोज संध्याकाळी रेशमी दोरा वाळत घालण्याचा व्याप संपला. बारीक, गुळगुळीत तंगूस स्थिर स्पूलवरून सहज सुटतो, आणि जगभर स्पिनिंग रीळ घरोघरी पोचलं.

आता आपल्या नद्या. दख्खनच्या महासिराचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यानं 1839 मध्ये केलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या वळवण केंद्रात 1970 पासून त्याची कृत्रिम पैदास झाली. या जातकुळीचा मासा केवढा होतो, तर 1946 मध्ये म्हैसूरकडच्या कबिनी नदीत गळाला लागलेला महासीर 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा होता. असा मासा गळ लागताच धारेबरोबर खाली पळतो. तेव्हा जिथं महासीर धरायची परवानगी आहे आणि जिथं तो सोडून द्यायचा आहे, तिथं हँडल किती वेगानं फिरतं याला फार अर्थ नाही. दोनशे मीटर दोरा मावतो का आणि ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तसा दोरा सोडणारा रिळातला ब्रेक, अडखळत नाही ना, हे पाहावं. दुकानातच ड्रॅग अर्धवट आवळून दोरा हातानं ओढून बघा. तो एका संथ ओढीत सुटला पाहिजे, झटके देत नव्हे. जड आमिष आणि खडकाळ धार असेल तर बेटकास्टर घ्या. एरवी नवख्या हाताला 3000 ते 4000 क्रमांकाचं स्पिनिंग रीळ पुरे.

मात्र मॅलॉकच्या वेळचा पीळ स्पिनिंग रिळातून पुरता गेलेला नाही. मासा दोरा ओढून नेत असताना हँडल फिरवत राहिलं, तर दोरा परत येत नाही. कमानीच्या प्रत्येक फेऱ्याला एक पीळ मात्र चढतो. हँडलच्या एका फेऱ्याला कमानीचे पाच असं प्रमाण असेल, तर हँडलच्या एका फेऱ्याला पाच पीळ. मासा पळतो तोवर हात थांबवावा. तो थांबला की काठी सावकाश उचलून त्याला ओढावं, आणि काठी खाली नेताना जेवढा दोरा सैल पडेल तेवढाच गुंडाळावा.