श्रद्धेतील संशय आणि संत मदर तेरेसा

कोलकात्याच्या संत मदर तेरेसा यांची खासगी पत्रे २००७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेक भाविक अस्वस्थ झाले. प्रार्थनेत परमेश्वराचे सान्निध्य जाणवत नाही, ही वेदना त्यांनी आर्चबिशप फर्दिनांद पेरिये व आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना वर्षानुवर्षे कळविली होती. आपल्यापाशी श्रद्धाच नाही, असेही एका पत्रात आहे. पत्रे नष्ट करावीत ही त्यांची विनंती मानली गेली नाही, हे बरेच झाले. धर्मगुरूंजवळ शंका बोलावयास संकोचणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद २०८८) हेतुपुरस्सर संशय व नकळत उद्भवणारा संशय यांत भेद करतो. मात्र संशय मुद्दाम जोपासल्यास आत्मिक अंधत्व येऊ शकते, असेही बजावतो. ४ सप्टेंबर २०१६ रोजी पोप फ्रान्सिस यांनी मदरना संत घोषित केले, तेव्हा ही पत्रे जगासमोर होतीच.