समुद्रावरील आवाज आणि त्याचा परवाना

१/ १७ जुलै १९४७. मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट खवळलेल्या समुद्रात बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. सकाळच्या दुर्घटनेची वार्ता दुपार उलटल्यावर, पोहून किनारा गाठलेल्या प्रवाशांकडून शहराला कळली. सहाशेहून अधिक माणसे दगावली.

२/ परंतु केवळ यंत्र असणेही पुरेसे नसते. एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’वर उत्तम यंत्र होते. जवळच थांबलेल्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजावरही होते. मात्र तेथील एकमेव बिनतारी कर्मचारी काम आटोपून झोपी गेला होता. हाक दिली गेली, ऐकणारा कोणी नव्हता.

३/ त्यानंतर गोंधळ उडाला तो वेगळाच. ‘टायटॅनिक’ सुखरूप असून हॅलिफॅक्सकडे ओढून नेली जात आहे, असे वृत्त छापून आले. अर्धवट ऐकलेल्या संदेशांची सरमिसळ झाली, आणि मनाला येईल तेव्हा संदेश सोडणाऱ्या हौशी मंडळींवर ठपका आला.

४/ १३ ऑगस्ट १९१२ रोजी अमेरिकेत रेडिओ कायदा झाला. प्रक्षेपणासाठी केंद्राला आणि चालकाला, दोघांनाही परवाना आवश्यक ठरला. संकटाचा खोटा संदेश पाठवणे दंडनीय झाले. १९१४ च्या लंडन करारात जहाजांवरील अखंड श्रवणपहाऱ्याचा विषय आला.

५/ पुढे मौनाचाही नियम झाला. ५०० किलोहर्ट्‌झवर दर तासाला दोनदा, तीन-तीन मिनिटे सर्वांनी केवळ ऐकायचे. जहाजावरील घड्याळाच्या तबकडीवर ती मिनिटे लाल रंगाने दाखवलेली असत. दुबळ्या यंत्राची क्षीण हाकही ऐकू यावी, हा हेतू.

६/ १९५७ च्या हेग परिषदेने सागरी व्हीएचएफची घडी बसवली. १५६.८ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे आजचे चॅनेल १६, हाक मारण्यासाठी व सुरक्षिततेसाठी राखले गेले. जीव धोक्यात असेल तरच ‘मेडे’ हा शब्द तीनदा उच्चारायचा. मग बोटीचे नाव, ठिकाण, संकटाचे स्वरूप आणि माणसांची संख्या सांगायची. गप्पांसाठी हे चॅनेल नाही.

७/ यामागे तांत्रिक कारण आहे. या लहरी साधारणतः दृष्टिरेषेत जातात. म्हणून अँटेना जितकी उंच, तितका पल्ला अधिक. आणि एका वेळी एकालाच बोलता येते. एखाद्याच्या यंत्राचे बटण चुकून दाबलेले राहिले, तर परिसरातील सर्वांचे चॅनेल अडते. म्हणून बोलण्यापूर्वी ऐकायचे, आणि बोलणे झाल्यावर बटण सुटले की नाही हे पाहायचे.

८/ १ फेब्रुवारी १९९९ पासून जागतिक सागरी संकट व सुरक्षा यंत्रणा पूर्णतः लागू झाली. तिच्यात बोटीला नऊ अंकी ओळख क्रमांक मिळतो. लाल बटण दाबताच तो चॅनेल ७० वरून जातो, आणि नोंदीवरून हाक कोणाची हे बचावपथकाला कळते. परवान्याविना घेतलेल्या, नोंद नसलेल्या यंत्राची हाक मात्र निनावी राहते. बोट कोणती, केवढी, तिच्यावर किती माणसे असू शकतील, याचा शोध तेव्हा शून्यातून सुरू करावा लागतो; आणि पाण्यात पडलेल्या माणसापाशी तेवढा वेळ नसतो.